तलवारीआधी भाताची वाटी



दसरा जवळ आला की आमच्या शाळेच्या पटांगणात रोज लढाई जुंपते. पट्ट्या, काठ्या, एखाद्याच्या हातात चक्क खराट्याचा दांडा! मावळे व्हायला सगळे तयार, मोगल व्हायला कुणीच नाही. मग दुसरीतल्या धाकट्यांना पकडून मोगल केलं जातं आणि ती बिचारी रडत माझ्याकडे येतात.

अशाच एका मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्याजवळ डबा खात बसली होती. लढाई बघता बघता तिनं विचारलं, "बाई, हे एवढे लढायचे, मग जेवायचे कुठं?"

मी म्हटलं, "गडावर."

"आणि गडावर दाणे कोण द्यायचं?"

तिचे वडील नीरेकाठी शेती करतात, म्हणून तिला हे सुचलं. आम्हा मोठ्यांना सुचत नाही!

गंमत म्हणजे याच प्रश्नावर एक आख्खा सिनेमा आहे, आणि तो जपानी आहे. नाव 'सेव्हन सामुराई', म्हणजे सात सामुराई. अकिरा कुरोसावा या दिग्दर्शकानं तो १९५४ साली काढला. सामुराई म्हणजे जपानचा तलवारबहाद्दर. आपल्याकडचा शिलेदार म्हणा ना! धनी नसलेल्या सामुराईला रोनिन म्हणतात. धनी नाही म्हणजे पगार नाही, आणि पगार नाही म्हणजे पोटाला नाही.

गोष्ट चारशे वर्षांहून जुन्या काळातली. डोंगरातल्या एका गावावर दरोडेखोरांचा डोळा असतो. शेतातला सातू पिकला की ते येणार. गावकरी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजोबांकडे जातात. आजोबा सल्ला देतात, सामुराई आणा, पण उपाशी सामुराई शोधा! कारण द्यायला यांच्याकडे पैसा कुठला? फक्त भात.

आणि तोही कसा? गावकरी स्वतः आपल्या वरीसारखं भरड धान्य खातात आणि पाहुण्यांच्या पुढ्यात पांढरा भात ठेवतात. हे कळतं तेव्हा सामुराईंचा प्रमुख काम्बेई भाताची ती वाटी हातात घेतो आणि सांगतो, हा भात मी वाया घालवणार नाही. बस्स, एवढंच. भाषण नाही, ढोलताशे नाहीत. मला तर सगळ्या लढायांपेक्षा ही वाटीच जास्त आठवते.

लढाई आहेच. पण ती कशी? धो धो पावसात, घोट्यापर्यंत चिखलात. माणसं घसरतात, धापा टाकतात, घाबरतात. आपल्या कितीतरी ऐतिहासिक सिनेमांत मावळ्याचं धोतर शेवटपर्यंत पांढरंशुभ्र राहतं! आमच्याकडे एक दिवस भांगलायला जाऊन बघा, कपड्यांचा रंग काय होतो ते. कुरोसावानं तर कॅमेऱ्यासमोर कधी पुढे न येणाऱ्या गावकऱ्यांचीही कुटुंबं ठरवून टाकली होती, कोण कुणाच्या घरातलं ते. म्हणून ते गाव नकली वाटत नाही. सातांपैकी चार सामुराई मरतात, आणि चौघंही बंदुकीच्या गोळीनं. एवढी तलवार शिकले, पण समोरून तलवार आलीच नाही.

आता जरा अवघड भाग. मध्येच सामुराईंना कळतं की याच गावकऱ्यांनी पूर्वी हरलेल्या, पळणाऱ्या सामुराईंना मारून त्यांची चिलखतं लपवून ठेवली आहेत. सगळे संतापतात. तेव्हा सातातला किकुचियो, जो मुळात शेतकऱ्याचाच मुलगा आहे, ओरडून विचारतो, हो, शेतकरी लबाड आहेत, पण त्यांना तसं केलं कुणी? तुम्हीच ना? लढाई आली की त्यांची घरं जाळता, धान्य नेता! यावर एकालाही उत्तर देता येत नाही.

मुलांनो, हे ऐकून मला शिवाजी महाराजांचं एक पत्र आठवलं. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमाराचं. घोडदळाची छावणी चिपळूणकडे पडली होती आणि पावसाळा तोंडावर होता. महाराजांनी बजावलं, की दाणावैरण आत्ताच उधळलीत तर पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाल, कुणी दाणे आणेल, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी भाजी. मग लोक म्हणतील, यापेक्षा मोगल बरे! रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, इथपर्यंत लिहिलंय. किकुचियोचा प्रश्न महाराजांना तीनशे वर्षं आधीच ठाऊक होता. आमच्या मुलीच्या "दाणे कोण द्यायचं?" याचं उत्तरही त्यातच आहे.

आपल्या सिनेमातही असं डोळे उघडे ठेवणारे लोक होते बरं का. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला. रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी दिव्यांचा कृत्रिम उजेड वापरला. विशीतले व्ही. शांताराम त्यात म्हातारे शेलारमामा झाले होते! आणि दोनच वर्षांनी, १९२५ साली, याच बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. त्यात तलवार नाही. सावकारापायी जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी आहे. ती कथा होती आपल्या कोरेगावच्या ना. ह. आपटे यांची. ('सिंहगड' ज्या कादंबरीवरून घेतला ती ह. ना. आपटे यांची. परीक्षेत गोंधळू नका!) बाबूरावांनी आधी लढवय्या दाखवला, मग शेतकरी. कुरोसावानं दोघांना एकाच अंगणात समोरासमोर उभं केलं.

पालकांनो, हा सिनेमा काळापांढरा आहे आणि जवळजवळ साडेतीन तासांचा आहे. मारामारी खरी वाटते, म्हणून लहानग्यांना नको. सातवी-आठवीच्या मुलांबरोबर मात्र जरूर बसा. मध्यंतरापर्यंत एक दिवस, उरलेला दुसऱ्या दिवशी.

डबेवाल्या त्या मुलीला मी ही सगळी गोष्ट सांगितली. शेवटी गावकरी ढोलाच्या तालावर गाणं म्हणत भाताची लावणी करतात आणि उरलेले तीन सामुराई मित्रांच्या थडग्यांपाशी उभे राहून बघतात. काम्बेई म्हणतो, जिंकले ते शेतकरी, आपण नाही.

तिनं लगेच विचारलं, "मग त्या वरी खाणाऱ्यांना पुढं भात मिळाला का?"

सिनेमात लावणी दाखवलीय, जेवण नाही. तुम्हाला काय वाटतं ते मला पत्रानं कळवा.