पाच वेळा पाठवला, एकदाच पोचला

फाल्गुन अमावास्येला आमच्या वढू बुद्रुकला शंभूराजांच्या समाधीपाशी पाय ठेवायला जागा नसते. जो तो मोबाइलवर व्हिडिओ काढत असतो. एखाद्या स्वस्त फोनवर मागे उघडं राहिलेलं ॲप मध्येच नाहीसं होतं. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड अशा ॲपला 9 नंबरचा सिग्नल, म्हणजे ‘लगेच बंद हो’ असा इशारा, पाठवतं. तो कुठल्याच ॲपला अडवता येत नाही. हातातलं काम आवरायचीही सवड मिळत नाही.

गावातल्या मुलांना मी लिनक्स शिकवते, ती इथूनच. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचंच कर्नल आहे, आणि लॅपटॉपवर सी-डॅकची ‘बॉस’ लिनक्स टाकली की सगळं स्वतः करून बघता येतं. आम्ही छोटा प्रोग्राम लिहितो, त्यात 10 नंबरचा सिग्नल थोडा वेळ रोखून धरतो आणि तेवढ्यात तो पाच वेळा पाठवतो. रोख उठवल्यावर प्रोग्रामला तो एकदाच मिळतो. मुलं चक्रावतात: बाकीचे चार गेले कुठे?

1 ते 31 या जुन्या सिग्नलांची कर्नल रांगच लावत नाही. प्रत्येक नंबरासाठी फक्त एक बिट असतो. हजेरीपटावर एकदा खूण झाली, की मूल पुन्हा कितीदा ‘हजर’ म्हणालं तरी दुसरी खूण होत नाही, तसंच.

मग तोच प्रयोग 34 नंबरावर करायचा. पाचच्या पाच पोचतात, पाठवले त्याच क्रमाने. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या 1993 च्या पॉझिक्स मानकातून आलेले हे रिअल-टाइम सिग्नल खरोखर रांगेत उभे राहतात, सोबत एखादा आकडाही आणू शकतात. 34 आणि 35 दोन्ही थांबलेले असतील तर आधी 34. रांगेलाही मर्यादा आहेच. ती भरली की पाठवणाऱ्याला नकार मिळतो. मला हे फार प्रामाणिक वाटतं. गुपचूप गिळण्यापेक्षा नकार बरा.

लिनक्स जुन्यांना रिअल-टाइमच्या आधी सोडतं. त्यांतही प्रोग्रामने स्वतःच ओढवून घेतलेले, म्हणजे मेमरीतल्या चुकीच्या पत्त्याला हात लावल्यावर येणारा 11 नंबर वगैरे, सर्वांत पुढे. बिघाड झाला त्याच जागी तो कळायला हवा ना!

मी सर्वांत जास्त वेळ देते 17 नंबराला. प्रोग्रामने स्वतः सुरू केलेली एखादी चाइल्ड प्रोसेस संपली की तो येतो. तीन एकदम संपल्या तरी तो एकदाच येऊ शकतो. म्हणून तो आला की ‘आणखी कोणी संपलंय का?’ असं कर्नलला विचारत राहायचं, कोणी उरलं नाही असं उत्तर येईपर्यंत.