प्रॅक्टिकल झालं म्हणजे संशोधन झालं?

“आमच्याकडे सुसज्ज प्रयोगशाळा आहे, सगळी प्रॅक्टिकल्स होतात, जर्नलं वेळेवर तपासली जातात. मग मुलांना वेगळं संशोधन कशाला?” मुख्याध्यापक, पालक, संस्थाचालक सगळ्यांकडून हे ऐकायला मिळतं. शांतपणे उत्तर द्यायचं मी दरवेळी ठरवतो आणि दरवेळी आवाज चढतो.

शाळेतलं प्रॅक्टिकल आठवून पाहा. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष सगळं आधीच ठरलेलं. रीडिंगं तेवढी भरायची, तीही अनेकदा उत्तरावरून उलटं गणित करून. गुरुत्व त्वरण ९.८ यायला हवं ना, मग ते येतंच! याला फार तर सुलेखन म्हणता येईल.

आता तोच जुना लंबक घ्या. झोका लहान असो की मोठा, आवर्तकाल तोच, हे मुलांना पाठ असतं. हे फक्त छोट्या झोक्यांपुरतं आणि तेही जवळपासच खरं, हा भाग मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. नववीच्या मुलांना विचारा: १० अंशांवरून सोडला काय आणि २० अंशांवरून सोडला काय, वेळ खरंच सारखा लागतो? एक मीटर दोरा, एक जड नट आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. एका झोक्याला सुमारे दोन सेकंद लागतात आणि दोन्हींतला फरक जेमतेम अर्धा टक्का. एकच झोका मोजला तर तो बटण दाबण्याच्या चुकीत बुडून जातो. तीस मोजले तर फरक एक तृतीयांश सेकंदाच्या आसपास जातो; झोके मंदावत गेले की त्याहून थोडा कमी. म्हणजे पुन्हा पुन्हा मोजणं आलं, सरासरी आली आणि ‘फरक खरा की बोटाचा?’ हे भांडण आलं. आपल्याच मोजमापावर किती विश्वास ठेवायचा, हे मुलाला इथे पहिल्यांदा स्वतः ठरवावं लागतं. उत्तर पुस्तकात शोधून चालत नाही.

हा माझा लाडका सिद्धांत नव्हे. नताशा होम्स, कार्ल वीमन (हे भौतिकीतले नोबेल विजेते) आणि डग बॉन यांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात याच लंबकापासून सुरुवात केली. पहिल्या वर्षाच्या मुलांना मोजमापं ताडून पाहायला आणि पद्धत सुधारायला लावलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, नेहमीच्या पद्धतीने प्रयोग करणाऱ्यांच्या तुलनेत ही मुलं आपणहून प्रयोग सुधारण्याची शक्यता १२ पट होती. पुढच्या वर्षी, सूचना बंद झाल्यावरही, सवय टिकली. उलट होम्स आणि वीमन यांनी तीन संस्थांमधले नऊ प्रयोग-अभ्यासक्रम तपासले, तेव्हा व्याख्यानातला भाग पक्का करण्यासाठी घेतलेल्या प्रॅक्टिकलांमुळे परीक्षेतल्या गुणांत काहीच फरक पडलेला दिसला नाही. ही मुलं कॉलेजातली होती, हे मान्य. पण ठरलेलं उत्तर गाठण्याची सवय लागते ती शाळेत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘यासाठी महागडी उपकरणं लागतात’: वरचं साहित्य पुन्हा वाचा. ‘मुलांचं संशोधन म्हणजे खेळ’: इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन गावच्या आठ ते दहा वर्षांच्या मुलांनी भुंग्यांवर केलेले प्रयोग रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ने छापले, मुलांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसह. ‘मुलांना मोकळं सोडलं की ती आपोआप शिकतात’: हा उत्साही मंडळींचा गैरसमज, नवशिक्याला मार्गदर्शन लागतंच, आणि कॅनडातल्या त्या प्रयोगातही ते भरपूर होतं. ‘विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला की झालं’: दुकानातून आणलेला ज्वालामुखी कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते मला कुणीतरी सांगा.

शिक्षकांना एकच विनंती. जर्नलात पुस्तकाशी न जुळणारं रीडिंग दिसलं, तर लगेच लाल रेघ मारू नका. आधी विचारा, “पुन्हा मोजून पाहिलंस का?”