बेटांमधलं पाणी

पॅसिफिक महासागराच्या पश्चिम काठाचं पाणी हिंदी महासागरापेक्षा साधारण वीतभर उंच असतं. वर्षभर पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे पॅसिफिकचं पाणी ढकलत आणतात आणि इंडोनेशियाच्या दाराशी ते तुंबतं. पुढे जायची वाट हजारो बेटांमधल्या फटींतूनच. या फटींमधून दर सेकंदाला सरासरी दीड कोटी घनमीटर पाणी एका महासागरातून दुसऱ्यात उतरतं. त्यातलं बरंचसं मकासर, लोंबोक आणि तिमोरच्या खोल वाटांनी निघून जातं. थोडं मात्र सुंबावा आणि फ्लोरेस या दोन मोठ्या बेटांमधल्या चिंचोळ्या जागेत घुसतं. कोमोडो, रिंचा, पादार आणि त्यांच्या आसपासची चिमुकली बेटं नेमकी तिथेच बसली आहेत.

लोक इथे येतात ते कोमोडोची अजस्र घोरपड पाहायला. ती पाहावीच. पण दहा-पंधरा माणसांच्या लाकडी गलबतातून दोन-चार रात्री या बेटांमध्ये काढल्या की पाहण्यासारखी खरी गोष्ट पाणीच आहे, हे हळूहळू लक्षात येतं. घोरपड इथेच का तगली, मासे इतके का, गलबतं वर्षाच्या ठरावीक महिन्यांतच इथे का दिसतात, या सगळ्याचा धागा पाण्यात आणि त्यावरच्या वाऱ्यात सापडतो.

सफर सुरू होते लाबुआन बाजोहून. फ्लोरेसच्या पश्चिम टोकाचं हे बंदर, बालीहून विमानाने तास-सव्वा तासावर. बंदरात नांगरलेली गलबतं साधारण २० ते ४० मीटर लांबीची, दोन डोलकाठ्यांची, पुढे लांब सोट काढलेली. इथे त्यांना पिनिसी म्हणतात. हजारो प्रवाशांची क्रूझ जहाजंही कोमोडोला येतात, पण ती खोल पाण्यात लांब उभी राहतात आणि माणसं तुकड्यातुकड्यांनी किनाऱ्यावर सोडतात. लहान गलबत खाडीच्या तोंडाशी जाऊन थांबतं. तिथून डिंगीत बसायचं, किनारा आला की चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उतरायचं.

वेळापत्रक पाहुण्यांच्या हातात नसतं, हे पहिल्याच रात्री कळतं. पहाटे चारला इंजिन धडधडायला लागतं आणि झोपमोड झालेले लोक कुरकुरतात. कप्तानाचं गणित वेगळं असतं. कोमोडो आणि रिंचाच्या मधल्या लिंता सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचा ओढ इतका जबर असतो की ताशी दहा-बारा किलोमीटरने पाणी धावतं. गलबताचा स्वतःचा वेग त्याहून फारसा जास्त नाही. ओढ उलटा असताना निघालं तर डिझेल जळतं आणि बेट जागचं हलत नाही. पाणी वळतं तेव्हाच पलीकडे जायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हे गणित आणखी कडक होतं, भांगाच्या दिवसांत जरा सैल. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला हे समजावून सांगावं लागणार नाही. डेकवरून पाहिलं तर समुद्राच्या सपाट पाठीवर मधूनच गुळगुळीत, तेलकट दिसणारे गोल उमटतात, बाजूला उकळल्यासारखा फेस असतो, आणि दोन्हींच्या सीमेवर पाचोळा, शेवाळ, एखादं नारळाचं सोडण एका रेषेत वाहत असतं. खाली खडक आहे, पाणी त्यावर आदळून वर येतंय, हे त्या गोलावरून कप्तान ओळखतो.

हा ओढच इथली समृद्धी आहे. उत्तरेला फ्लोरेस समुद्राचं उबदार पाणी, २७-२८ अंशांचं. दक्षिणेला, विशेषतः जून ते सप्टेंबर, हिंदी महासागराच्या तळाचं गार पाणी वर येतं आणि २२-२३ अंशांपर्यंत उतरतं. एकाच सफरीत सकाळी साध्या कपड्यांत पोहणारा माणूस दुसऱ्या दिवशी दक्षिणेला कुडकुडत बाहेर येतो. तळाच्या पाण्याबरोबर पोषक द्रव्यं वर येतात, त्यांवर प्लवक पोसतात, प्लवकांवर लहान मासे आणि मांता. कारांग मकासर नावाच्या लांबलचक उथळ पट्ट्यावर तीन-चार मीटर रुंदीचे हे मांता मासे तोंड उघडं ठेवून ओढाच्या विरुद्ध जवळपास स्थिर राहतात. पाणीच घास भरवत असतं. आपण स्नॉर्केल लावून वरून वाहत जायचं आणि पुढे जाऊन थांबलेल्या डिंगीने उचलून घ्यायचं. प्रवाहाविरुद्ध पोहायचा हट्ट धरला की दोन मिनिटांत दम निघतो. पोहता येत असलं तरी इथे वाटाड्याशिवाय पाण्यात उतरू नये.

आता घोरपड. आपल्याकडच्या घोरपडीच्याच वंशातली, पण तीन मीटरपर्यंत लांब आणि वजनाने भल्या माणसाला भारी. जावामधल्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाचे प्रमुख पीटर औवेन्स यांनी १९१२ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. तोवर ती ‘जमिनीवरची मगर’ म्हणून डच अधिकाऱ्यांच्या ऐकिवात होती. तिच्या लाळेतल्या जंतूंमुळे सावज मरतं, असं पुष्कळ वर्षं पुस्तकांत छापलं जायचं. २००९ मध्ये तिच्या खालच्या जबड्यात विषाच्या ग्रंथी असल्याचं संशोधन आलं. हे विष रक्त गोठू देत नाही. २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. तिच्या दातांच्या कडांवर लोहाचा नारिंगी थर असतो आणि त्याने दातांची धार टिकते.

पण हा प्राणी इथला राजा कसा झाला? बालीत एकेकाळी वाघ होता. हिमयुगात समुद्र शंभर मीटरहून जास्त खाली गेला तेव्हा जावा, बाली आणि आशियाचं मुख्य भूखंड सलग झालं, वाघ चालत बालीपर्यंत आला. बाली आणि लोंबोकमधली सामुद्रधुनी मात्र तेव्हाही कोरडी पडली नाही, इतकी ती खोल. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५६ मध्ये बालीहून लोंबोकला गेला तेव्हा त्याला दिसलं की काही मैलांच्या पाण्यापलीकडे पक्षीच बदलले आहेत. इकडे आशियाचे, तिकडे काकाकुवा. त्या अदृश्य सीमेला पुढे त्याचंच नाव मिळालं. पूर्वेला वाघ नाही, बिबट्या नाही. शिकाऱ्याची गादी रिकामी होती. ऑस्ट्रेलियात याच घोरपडीचे तीस लाख वर्षांहून जुने अवशेष सापडले आहेत. म्हणजे ती पूर्वेकडून आली आणि वाघाला जे पाणी ओलांडता आलं नाही, त्याच्या अलीकडे राज्य करत राहिली.

रिंचावर किंवा कोमोडोवर उतरलं की वनरक्षक दुबेळकं असलेली लांब काठी घेऊन सोबत येतो. काठीशिवाय त्याच्याकडे दुसरं हत्यार नसतं. मोठ्या घोरपडी झाडाखाली पोट टेकून पडलेल्या असतात, दुफाटी जीभ तेवढी आत-बाहेर. पिल्लं दिसायची असतील तर वर बघावं. पहिली काही वर्षं ती झाडावरच काढतात, कारण खाली आली तर मोठ्या घोरपडीच त्यांना खातात. कोमोडो बेटावर माणसांचं गावही आहे. तिथल्या लोककथेत एका राजकन्येला जुळी झाली, एक मुलगा आणि एक घोरपड. म्हणून गावकरी तिला भावंड मानतात. १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९१ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव गेलं, पण गाव त्याआधीपासून तिथे आहे. उद्यानाबद्दल बोलताना ही गोष्ट फार सहज विसरली जाते.

२०२२ मध्ये कोमोडो आणि पादारचं प्रवेशशुल्क एकदम साडेसदतीस लाख रुपिया करायची घोषणा झाली. लाबुआन बाजोच्या बोटवाल्यांनी, वाटाड्यांनी बंद पुकारला आणि अखेर तो निर्णय मागे घ्यावा लागला. गर्दी आवरायला हवी, यात शंका नाही. पादारच्या टेकडीवर तीन उपसागर एका नजरेत येतात आणि तो फोटो काढायला सकाळी रांग लागते. पण आवरण्याचा बोजा आधी ज्यांच्या ताटावर पडतो त्यांना विचारायलाच हवं. सुरुंग लावून मासे मारण्याने इथली पोवळी १९९० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त झाली होती. गस्त आणि पर्यटनाचा पैसा आल्यावर ते बरंच कमी झालं. तेव्हा पर्यटकांना सरसकट खलनायक ठरवणंही मला पटत नाही.

गलबताकडे वळतो. पिनिसी बांधणारी गावं फ्लोरेसवर नाहीत, ती उत्तरेला, सुलावेसी बेटाच्या दक्षिण टोकाला आहेत. ताना बेरू, आरा, बिरा. या जहाजबांधणीच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं. कागदावर आराखडा नसतो. आधी तळाचा कणा ठेवायचा, मग बाहेरच्या फळ्या एकमेकींना लाकडी खुंट्यांनी जोडत कवच उभं करायचं, आणि आतल्या फासळ्या त्यानंतर त्या कवचाच्या बाकाप्रमाणे बसवायच्या. युरोपातली मोठी जहाजं उलट्या क्रमाने, आधी सांगाडा करून, बांधली जात. इथे फळीचा बाक कारागिराच्या डोक्यात असतो. फळ्यांच्या सांध्यांत झाडाची मऊ साल ठोकून बसवतात. चुना आणि खोबरेल तेल मळून केलेलं लुकण वरून चोपडण्याची पद्धत आहे. कणा ठेवताना त्याच्या दोन्ही टोकांचे तुकडे कापले जातात. पुढचा समुद्रात सोडतात, मागचा घरी राहतो. इ ला गालिगो या बुगी लोकांच्या महाकाव्याच्या नायकाचं जहाज फुटलं आणि त्याचे तुकडे या गावांच्या किनाऱ्याला लागले, तेव्हापासून ही विद्या आली, असं तिथले लोक सांगतात.

शिडांची रचनाही निराळी. एकूण सात शिडं. पुढच्या सोटावर तीन त्रिकोणी, दोन डोलकाठ्यांवर दोन मोठी, त्यांच्या माथ्यावर दोन लहान. मोठ्या शिडाची वरची तिरकी काठी कायम वरच बांधलेली असते. शीड खालून वर चढवायचं नसतं, डोलकाठीपासून बाहेर ओढायचं असतं, दारावरचा पडदा सरकवावा तसं. वारा वाढला की तेवढ्याच झटपट परत गोळा करायचं. थोड्या खलाशांत मोठं गलबत हाकण्यासाठी ही सोय. युरोपीय शिडाच्या जहाजांकडून एकोणिसाव्या शतकात काही घेतलं, स्वतःचं बरंच राखलं, आणि त्यातून हा घाट तयार झाला.

आज सफरीत शिडं किती उघडतात? स्पष्ट सांगायचं तर थोडी, आणि पुष्कळ गलबतांवर फोटोपुरतीच. १९७० च्या दशकात मालवाहू पिनिसींत इंजिनं बसली आणि शिडं मागे पडली. बेटांच्या आडोशाला वारा पडतो, ओढ जबर, गर्दीही. त्यामुळे मुक्कामांमध्ये इंजिनच चालतं. शिडाचाच प्रवास हवा असेल तर आधी नीट विचारून, वाऱ्याचे महिने पाहून, दिवस जास्त ठेवून जावं. इंजिन बंद होऊन शिडं भरली की गलबत एका अंगाला जरासं कलतं, दोर ताणले जातात, लाकूड कुरकुरायला लागतं. अर्ध्या तासाचा का होईना, हा अनुभव घ्याच.

इंजिन आलं तरी ऋतूची सत्ता गेलेली नाही. मे ते ऑक्टोबर ऑस्ट्रेलियाच्या हिवाळ्यातला कोरडा आग्नेय वारा इथे वाहतो. त्याच मोठ्या वाऱ्याच्या चक्राचं आपल्याकडचं टोक म्हणजे नैऋत्य मोसमी पाऊस. कोकणात नारळी पौर्णिमेची वाट पाहत होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात तेव्हा कोमोडोत डोंगर पिवळे पडलेले आणि आकाश निरभ्र असतं. डिसेंबरपासून वारा पश्चिमेकडून फिरतो, पाऊस येतो, समुद्र खवळतो. मग कित्येक गलबतं पूर्वेला राजा आम्पात आणि बांदाकडे जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात परततात. हे नवं नाही. सुलावेसीवरच्या मकासरचे दर्यावर्दी अठराव्या शतकापासून, कदाचित त्याही आधीपासून, डिसेंबरच्या पश्चिम वाऱ्यावर ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत जात, समुद्रकाकडी गोळा करून उकडून वाळवत आणि आग्नेय वारा सुटला की परत फिरत. तो माल चीनला जाई. १९०७ पर्यंत हा व्यापार चालला. त्यांनी नेलेल्या चिंचांची झाडं त्या किनाऱ्यावर अजून आहेत.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. हवा खराब असली की बंदराचे अधिकारी गलबतांना निघायची परवानगी देत नाहीत. तेव्हा परतीचं विमान सफर संपते त्याच दिवसाचं घेऊ नये, आणि परवानगी नसताना ‘मी नेतो’ म्हणणाऱ्याच्या बोटीत पाय ठेवू नये. या समुद्रात गलबतं बुडण्याचे, पेटण्याचे प्रकार झाले आहेत. खोलीच्या फोटोंपेक्षा आधी हे विचारा: जीवरक्षक जाकिटं किती आणि कुठे, आग विझवायची साधनं कुठे, खालच्या खोल्यांतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, रात्री डेकवर जागं कोण असतं. शाकाहारी मंडळींची टोफू आणि टेंपेवर छान सोय होते, फक्त सांबाल नावाच्या मिरचीच्या ठेच्यात बहुधा कोळंबीचा खारवलेला लगदा असतो, तो वेगळा करून मागावा. गोडं पाणी गलबतावर मोजकं असतं आणि बेटांवर त्याहून कमी.

हाताशी आणखी दोन दिवस असतील तर मकासरला उतरून ताना बेरूला जावं, मोटारीने चार-पाच तासांची वाट. नारळाच्या झाडांखाली, वाळूवरच, घरांच्या अंगणाला लागून तीन-तीन मजली उंचीची गलबतं उभी असतात. कवच झालेलं, फासळ्या बसायच्या राहिलेलं एखादं आतून पाहायला मिळालं तर खुंट्यांची टोकं ओळीने दिसतात. पूर्वी अशी मालवाहू गलबतं बांधली जात, आता बहुतेक मागणी सफरींच्या धंद्याची. परदेशी गिऱ्हाईकंही बरीच. कण्यासाठी लागणारं उलिनचं लाकूड बोर्निओच्या जंगलातलं, पाण्यात कुजत नाही म्हणून नावाजलेलं, आणि वाढायला फार सावकाश. मोठे सोट मिळणं अवघड झालं आहे. त्यामुळे तळाच्या कण्यासाठी एकसंध लांब लाकूड मिळेपर्यंत कामं खोळंबतात आणि कारागीर तोवर दुसऱ्याच्या गलबतावर हात लावायला जातात.