पाच मात्रांची फौज

लष्करी कूच ऐकू आली की पाय आपोआप डावा-उजवा करू लागतात. माणसाला दोन पाय, म्हणून पलटणींच्या बँडचा हिशेबही बहुधा दोनाचा किंवा चाराचा. हॉवर्ड शोर या कॅनडाच्या संगीतकाराने हा हिशेब मुद्दाम मोडला. पीटर जॅक्सनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या चित्रत्रयीत (२००१ ते २००३) सारुमान नावाचा जादूगार आयझेनगार्डच्या किल्ल्यात उरुक-हाय या राक्षसी सैनिकांची फौज उभी करतो. तिची कूच पाच मात्रांची आहे.

या ठेक्यावर चालून पाहा. पहिली सम डाव्या पायावर आली, तर दुसरी उजव्यावर येते आणि तिसरी पुन्हा डाव्यावर. अंग त्यात स्थिर होतच नाही. पाचाचा हिशेब आपल्याला परका नाही. झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन, दोन-तीन अशाच चालतात. पण झपतालाला डौल आहे. शोरच्या पाच मात्रांत तो औषधालाही सापडत नाही. गुस्ताव होल्स्टनेही ‘द प्लॅनेट्स’मधल्या युद्धदेव मंगळासाठी पाचच मात्रा घेतल्या होत्या. युद्धातले अमानुषपण या विषम मोजणीत नेमके उतरते, असे मला वाटते.

खरी कमाल वाद्यांची आहे. रोहानच्या घोडेस्वारांना शोरने नॉर्वेचे हार्डांगर फिडल दिले. त्याला सारंगीसारख्या तरफेच्या तारा असतात. मॉर्डोर या शत्रूच्या काळ्या मुलखाच्या वाट्याला उत्तर आफ्रिकेची रैता आली, म्हणजे आपल्या सनईच्या कुळातले वाद्य. आयझेनगार्डला मात्र त्याने लोखंड दिले. ऐरणीवर घण पडतात, धातूचे पत्रे बडवले जातात, पियानोच्या तारांवर साखळ्यांचे फटके बसतात, आणि वर खर्जातली पितळी वाद्ये गर्जतात. टोल्किनच्या मूळ कथेत सारुमान झाडे तोडून भट्ट्या पेटवतो, यंत्रांच्या नादी लागतो. म्हणून त्याच्या फौजेचे संगीत संचलनाच्या मैदानावरचे वाटत नाही, ते कारखान्यातून आल्यासारखे वाटते. सैनिकही तिथे घडवला जाणारा मालच. टोल्किन स्वतः १९१६मध्ये सोमच्या लढाईत होता; यंत्रांनी लढलेले युद्ध त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

या फौजेचा गळा मात्र खऱ्या माणसांचा आहे, आणि तो क्रिकेटच्या मैदानावर मिळाला! फेब्रुवारी २००२मध्ये वेलिंग्टनच्या स्टेडियमवर न्यूझीलंड-इंग्लंड एकदिवसीय सामना होता. दोन डावांच्या मधल्या वेळेत जॅक्सन मैदानात उतरला. मोठ्या पडद्यावर काल्पनिक भाषेतल्या युद्धघोषणा उमटल्या आणि सुमारे २५ हजार प्रेक्षकांनी त्या एका सुरात दिल्या, छाती बडवली, पाय आपटले. ही फौज रोहानच्या हेल्म्स डीप या गडावर चालून जाते, त्या लढाईत भिंतीखालून जो गजर उठतो, त्यात हे प्रेक्षक आहेत. इतक्या मोठ्या जमावाचा श्वास स्टुडिओत बसून तयार करता आला नसता.

झाडांचे रखवालदार एंट्स जेव्हा आयझेनगार्डवर चालून जातात, तेव्हा शोर लोखंडाला लोखंडाने उत्तर देत नाही. समूहगानाच्या वर एका मुलाचा कोवळा स्वर चढत जातो. त्रयीतला हा सर्वांत धाडसी सांगीतिक निर्णय आहे.

पहिल्या आणि तिसऱ्या चित्रपटाच्या संगीतासाठी शोरला ऑस्कर मिळाले. हेल्म्स डीपची लढाई आणि एंट्सची चढाई ज्यात आहे, त्या ‘द टू टॉवर्स’च्या संगीताला साधे नामांकनही मिळाले नाही.