दगड हलवण्याआधी

न्हाव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की पाण्यापलीकडे घारापुरीचा डोंगर दिसतो. त्या डोंगरात लेणी आहेत. आत महादेवाची तीन मुखांची मोठी मूर्ती आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा होडीने जाऊन यावे. देव शेजारी आणि दर्शन राहिले, असे व्हायला नको.

आता आम्ही एक प्रश्न विचारतो. ही लेणी कोणी कोरली? कोणी म्हणतो, पांडवांनी. एका रात्रीत कोरली, असेही सांगणारे आहेत. जाणकार मंडळी म्हणतात की लेणी सहाव्या शतकातली असावीत. त्या वेळी कलचुरी घराण्याचा कृष्णराज नावाचा राजा होता. त्याची नाणी बेटावर सापडली, म्हणून त्याचे नाव घेतात. पण सगळ्यांचे यावर एकमत नाही. लेण्यात तसे लिहून ठेवलेले नाही काय?

लिहिलेले होते. तेच सांगायचे आहे.

1534 मध्ये वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना मिळाला. त्या वेळी लेण्याच्या दारावर एक दगड होता. त्यावर मोठी, सुरेख अक्षरे कोरलेली होती. पोर्तुगीजांनी तो दगड काढला. इथल्या हिंदूंना विचारले, मुसलमानांना विचारले. कोणालाच ती अक्षरे वाचता येईनात. मग दगड जहाजात घालून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. तिथेही राजाने खटपट केली. कोणी वाचू शकले नाही. पुढे दगडाचा पत्ताच लागला नाही. ही हकीकत कूतो नावाच्या एका पोर्तुगीज इतिहासकारानेच लिहून ठेवली आहे.

आज जुनी अक्षरे वाचणारे लोक आपल्या देशात आहेत. तो दगड त्यांनी वाचला असता. निदान दगड हलवण्याआधी त्या अक्षरांची नक्कल कोणी करून ठेवली असती, तरी भागले असते. पण नक्कल नाही आणि दगडही नाही.

असे नुकसान होऊ नये म्हणून काही माणसे एकत्र येतात आणि इतिहास मंडळ काढतात. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ हे अशांपैकी फार मोठे. 7 जुलै 1910 रोजी ते स्थापन झाले. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे हे त्याचे संस्थापक. राजवाड्यांचे काम तर विलक्षण. गावोगाव फिरायचे, जुन्या वाड्यांत जायचे, माळ्यावरची दप्तरे सोडायची, कागद वाचायचे आणि छापायचे. त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले. पहिला खंड 1898 चा. राजे-सरदारांची पत्रे त्यात आहेतच. पण जमाखर्च, भांडणतंटे, वतनाचे वाद असलेही कागद त्यांनी टाकून दिले नाहीत.

मंडळात काय चालते? सभा भरते. कोणाला एखादा नवा कागद सापडलेला असतो. तो सभेत वाचून दाखवतात. दुसरा विचारतो, हा कागद खरा कशावरून? तारीख जुळते का? शिक्का कोणाचा? अशी उलटतपासणी होते. कागद टिकला तर तो मंडळाच्या त्रैमासिकात छापतात. मंडळाजवळ लाखो कागद, पोथ्या, चित्रे, नाणी आहेत. मोडी लिपीचे वर्गही तिथे चालतात.

तुम्ही म्हणाल, पुण्याचे राहू द्या मास्तर, आपल्या उरण तालुक्यात काय आहे? आहे ना. रानवडला एक कोरीव लेख सापडला. चाणज्यालाही सापडले. चाणज्याचा एक लेख अपरादित्य राजाच्या वेळचा, शके 1060 मधला. दुसरा सोमेश्वर राजाचा, शके 1182, म्हणजे इसवी सन 1260 चा. हे शिलाहार घराण्याचे राजे. ठाणे हे त्यांचे मोठे शहर होते. सोमेश्वराने चाणज्यातल्या एका बागेचे ठरीव उत्पन्न, 162 द्रम्म, ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला लावून दिले. द्रम्म म्हणजे त्या वेळचे नाणे. बागेच्या चारी बाजूंना काय होते तेही लेखात दिले आहे. सातबाऱ्यासारखेच म्हणा! त्यात गावाचे नाव चडिचे असे येते. तेच आपले चाणजे. साडेसातशे वर्षांपूर्वीही आपले गाव होते, बाग होती, आणि त्याचा हिशेब होता, हे या दगडावरून कळते.

कोकणात दानाचे असे दगड पुष्कळ आहेत. वर चंद्र आणि सूर्य कोरतात. चंद्रसूर्य असतील तोवर हे दान चालावे, असा त्याचा अर्थ. काही दगडांवर खाली गाढव आणि बाई असते. त्याला गद्धेगाळ म्हणतात. दान मोडणाऱ्याला ती शिवी आहे. फार ओंगळ शिवी आहे, ती आम्ही इथे लिहीत नाही. पण तो भुताचा दगड नव्हे की जागेला लागलेला शापही नव्हे. काही गावांत लोक त्याला भितात, काही गावांत शेंदूर फासून पुजतात. पुजणाऱ्यांना आम्ही नावे ठेवत नाही. एवढेच म्हणतो की अक्षरांवर शेंदूर किंवा तेलरंग चढला की अक्षरे बुजतात.

अशा लेखाची नक्कल कशी करतात ते आम्ही पाहिले आहे. दगड आधी पाण्याने आणि मऊ ब्रशाने धुतात. त्यावर ओला कागद बसवतात. मग ब्रशाने हलके हलके ठोकतात. कागद अक्षरांच्या खाचांत जाऊन बसतो. कागद थोडा सुकला की कापडाच्या बोळ्याने वरून शाई टिपतात. खाचेत शाई जात नाही. म्हणून कागद काळा होतो आणि अक्षरे पांढरी उठतात. याला ठसा म्हणतात. दगड जागचा हलत नाही, त्याला ओरखडा उठत नाही, आणि लेख घरी नेऊन वाचता येतो. हे काम जाणत्या माणसाकडूनच करवावे. अक्षरे नीट दिसावीत म्हणून खिळ्याने उकरणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, तसे करू नका.

आणि धनाच्या आशेने खोदू तर मुळीच नका. 1878 चा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले, तर कलेक्टरला कळवावे लागते. लपवले तर गुन्हा होतो.

दगडाची गोष्ट झाली. कागदाची गत त्याहून वाईट. दगड निदान ऊनपाऊस सोसतो. कागदाला वाळवी, पाणी आणि रद्दीवाला असे तीन वैरी. एकदा एक शेतकरी पत्र्याचा डबा घेऊन आमच्या शाळेत आला. आत आजोबांच्या वेळचे मोडी कागद होते. “मास्तर, हे वाचा,” म्हणाला. आम्ही मॅट्रिक झालो, हेडमास्तर झालो, पण मोडी आम्हाला येत नव्हती. आम्ही म्हटले, “जपून ठेव, कोणी जाणता आला की वाचू.” पुढच्या पावसाळ्यात त्याचे घर गळले. कागदांचा लगदा झाला. त्याने डबा धुऊन मिठाला घेतला. त्याच दिवशी एखादा जाणता आम्ही शोधला असता तर? ही चुटपुट आम्हाला अजून आहे.

आता शेव्याचेच बघा. बंदरासाठी शेवा गाव जागचे उठले. काही घरे नवीन शेव्यात गेली, काही हनुमान कोळीवाड्यात. 26 मे 1989 रोजी बंदर सुरू झाले. जिथे मिठागरे आणि खाजण होते तिथे आज डब्यांच्या राशी लागतात. घारापुरीहून एक दगड गेला. इथून तर गावच गेले. जुनी विहीर कुठे होती, कोणत्या बांधाला काय म्हणत, डोली कुठे लावत, हे ठाऊक असणारी माणसे आता थकली आहेत. सरकारी नकाशात गटनंबर सापडतात. शेताला आई जे नाव घेऊन हाक मारायची ते नाव नकाशात नसते.

म्हणून आम्ही एक वही घातली आहे. शंभर पानी साधीच वही. संध्याकाळी देवळापाशी म्हातारी मंडळी बसतात, तिथे जातो. एक नाव, ती जागा कुठे होती ते, सांगणाऱ्याचे नाव, त्याचे वय आणि ऐकल्याची तारीख, एवढे लिहितो. तुम्ही आता वाचायला लिहायला शिकला आहात. तुमच्या गावात तुम्हीही अशी वही घालू शकता. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. मात्र जे ऐकले तेच लिहावे. आपल्या पदरचे घालू नये.

परवा एका उघाडीच्या नावावरून दोन आजोबांची चांगलीच जुंपली. एक म्हणे हे नाव, दुसरा म्हणे ते. दोघेही लहानपणी तिथे मासे धरत असत. आम्ही दोन्ही नावे लिहिली, आणि कोणते कोणी सांगितले तेही पुढे लिहिले.