वेग वाढवताच अडखळणारे इंजिन आणि वाया जाणारी फवारणी

पाठीवरील पेट्रोल इंजिनचा मिस्ट ब्लोअर सहज सुरू होतो, मंद वेगात व्यवस्थित चालतो. मात्र फवारणीसाठी थ्रॉटल उघडताच इंजिन अडखळू लागते. कारागीर यालाच ‘मिसिंग’ म्हणतात. ऐन हंगामात काम थांबवणे परवडत नाही, म्हणून पुष्कळदा तशाच स्थितीत फवारणी उरकली जाते. हा दोष किरकोळ वाटला तरी त्याचा परिणाम थेट कीड नियंत्रणावर होतो.

मिस्ट ब्लोअरमध्ये द्रावणाचे बारीक थेंब पंख्याच्या वेगवान हवेमुळे तयार होतात. सामान्यतः ५० ते १०० मायक्रॉन आकाराच्या थेंबांना मिस्ट म्हटले जाते. इंजिनचे फेरे घटले की हवेचा वेग कमी होतो, थेंब मोठे होतात आणि झाडाच्या आतील भागापर्यंत पोहोचत नाहीत. कपाशीवरील पांढरी माशी व तुडतुडे यांची पिल्ले पानांच्या खालच्या बाजूस राहून रस शोषतात. वरच्या पानांवरून द्रावण ओघळते आणि खालची बाजू कोरडीच राहते. कीड टिकून राहिली की दोष कीटकनाशकाला दिला जातो. मात्रा वाढवून पुन्हा फवारणी होते आणि खर्च व विषाचा धोका दोन्ही वाढतात. म्हणूनच ‘औषध लागू पडले नाही’ अशी तक्रार आल्यास औषधाबरोबर यंत्राचीही तपासणी करावी.

दोष वेग वाढवतानाच का दिसतो?

कार्ब्युरेटरमधून हवा वेगाने जाताना तेथील दाब कमी होतो व त्यामुळे पेट्रोल ओढले जाते. मंद वेगात पेट्रोल थोडेच लागते. अर्धवट तुंबलेला मार्गही तेवढे पुरवू शकतो. थ्रॉटल उघडताच हवा क्षणात वाढते, पण पेट्रोल त्या प्रमाणात न आल्यास मिश्रण पातळ होते. जुन्या मोटारींच्या अनेक कार्ब्युरेटरमध्ये ही क्षणिक तूट भरून काढण्यासाठी ॲक्सिलरेटर पंप असे. फवारणी यंत्राच्या साध्या कार्ब्युरेटरमध्ये सहसा तो नसतो. त्यामुळे थोडासा कचराही लगेच जाणवतो. याउलट, हवा अपुरी पडून मिश्रण गरजेपेक्षा घट्ट झाले तरी इंजिन अडखळते.

चोकची चाचणी

या दोन कारणांतील फरक ओळखण्यासाठी द्रावणाची टाकी रिकामी करून धुवावी व यंत्र मोकळ्या जागी जमिनीवर ठेवावे. इंजिन गरम झाल्यावर थ्रॉटल अडखळण्याच्या स्थितीत ठेवून चोक किंचित बंद करावा.

- इंजिन सुधारले, तर पेट्रोल कमी पडत आहे.
- इंजिन अधिक अडखळले व धूर वाढला, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी आहे.
- विशेष फरक पडला नाही, तर ठिणगी किंवा सायलेन्सरकडे लक्ष द्यावे.

पेट्रोल कमी पडत असल्यास

प्रथम पेट्रोल टाकीचे झाकण सैल करून पाहावे. त्याने इंजिन सुरळीत झाल्यास झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. त्यानंतर पेट्रोलचा कॉक, गाळणी व नळी तपासावी. शेवटी फ्लोटची वाटी आणि मेन जेट साफ करावे. कार्ब्युरेटर व इंजिन यांमधील गॅस्केट फाटल्यास बाहेरची हवा आत शिरूनही मिश्रण पातळ होते.

सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास पाणी व इथेनॉल वेगळे होऊन तळाशी साचतात. अनेक महिने पडून राहिलेले पेट्रोल म्हणूनच वापरू नये.

पेट्रोल जास्त होत असल्यास

चोक पूर्ण उघडला आहे का, हे आधी पाहावे. धुळीने व द्रावणाच्या तुषारांनी एअर फिल्टर तुंबणे, हे नेहमीचे कारण आहे. फिल्टर स्वच्छ असूनही फरक न पडल्यास फ्लोटची नीडल नीट बसते का, ते तपासावे.

ठिणगी आणि सायलेन्सर

स्पार्क प्लगचे टोक फिकट तपकिरी असल्यास ज्वलन योग्य समजावे. पांढरे टोक पातळ मिश्रण, कोरडी काजळी घट्ट मिश्रण, तर तेलकट काळा थर जास्त तेल दर्शवतो. प्लगमधील अंतर यंत्राच्या माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवावे. दोन स्ट्रोक इंजिनमध्ये तेलाचे प्रमाणही तीनुसारच असावे : २५:१ साठी एक लिटर पेट्रोलमध्ये ४० मिलि, तर ५०:१ साठी २० मिलि. चार स्ट्रोक इंजिनच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळू नये. एवढे करूनही फेरे वाढत नसल्यास सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन काढावा.

सुरक्षितता

फवारणी सुरू असताना इंजिन अडखळल्यास प्रथम द्रावणाचा कॉक बंद करावा. यंत्र व हात साबणाने धुतल्याशिवाय दुरुस्तीस बसू नये. जेट किंवा नळी तोंडाने कधीही फुंकू नये. यंत्रावर लागलेले कीटकनाशक आणि पेट्रोल दोन्ही पोटात जाऊ शकतात. जेट हवेच्या पंपाने साफ करावे. तार घातल्यास छिद्र मोठे होऊन मिश्रण कायमचे बिघडते. गरम इंजिनजवळ पेट्रोल हाताळू नये.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

टाकीत स्वच्छ पाणी भरून पूर्ण थ्रॉटलवर पिकाच्या एका ओळीत फवारणी करावी आणि झाडाच्या मधल्या भागातील काही पाने उलटून पाहावीत. खालच्या बाजूस बारीक, एकसारखे थेंब दिसले तरच यंत्र कामास योग्य समजावे. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामपूर्व प्रशिक्षणात औषधांच्या मात्रेबरोबर या तपासणीचेही प्रात्यक्षिक घ्यावे.