चकतीवर आपलं नाव

आमच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात एक सीडी आहे. कव्हरवर विठोबा, मागे कुठला तरी डोंगर आणि खाली लाल अक्षरांत आमच्या गावच्या भजनी मंडळाचं नाव. काका त्यात टाळकरी. मंडळाने वर्गणी काढून एका दिवसात रेकॉर्डिंग उरकलं, कव्हरं छापून आणली आणि मग लक्षात आलं, पखवाजवाल्याचं नावच छापायचं राहिलंय! पुन्हा छापायला पैसे नव्हते. त्या रात्री सगळे देवळात बसले, एकेक कव्हर बाहेर काढलं आणि बॉलपेनने त्याचं नाव लिहिलं. आमच्या सीडीवरचं अक्षर काकाचं आहे. 'पखवाज'मधला 'ख' त्याला आजही धड काढता येत नाही.

तुम्ही मावळातले असाल, तर अशी एखादी सीडी तुमच्याही घरात असेल. शोधा जरा. कपाटाच्या वर, देवघराच्या मागे, लग्नाच्या डीव्हीडीच्या गठ्ठ्यात.

'इंडी म्युझिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो गिटारवाला, टोपीवाला, फेस्टिव्हलमधला बँड. पण कंपनीच्या मागे न लागता स्वतःच्या पैशांनी गाणं करायचं आणि स्वतःच विकायचं, याला इंडी म्हणत असतील, तर आमचे बुवा पक्के इंडी आर्टिस्ट होते. त्यांना फक्त तो शब्द माहीत नव्हता. त्यांचा मर्चंडाइज स्टॉल म्हणजे सप्ताहाच्या मांडवाबाहेरची सतरंजी. शेजारी तुळशीच्या माळा आणि हरिपाठाची पुस्तकं. कीर्तन संपलं की लोक चपला शोधता शोधता सीडी घ्यायचे. भंडारा डोंगरावर माघ दशमीच्या सोहळ्याला गेलात, तर एवढे कान एका जागी जमलेले तुम्हाला दुसरीकडे क्वचितच दिसतील.

याहून मोठी बाजारपेठ कार्ल्याला. मळवली स्टेशनला उतरून एकवीरा आईच्या पायऱ्या चढलेल्यांना आठवेल. नारळ, ओटी, खेळणी आणि त्यांच्यामध्ये आईच्या गाण्यांच्या सीडी-व्हीसीडी. चैत्रातल्या यात्रेला मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी-आगरी बांधव इथे लोटतात. गाणारेही त्यांच्यातलेच आणि व्हीसीडीत नाचणारेही. मागे दिसणाऱ्या पायऱ्याही याच! म्हणजे गाणं इथलं, विक्री इथली आणि परतीच्या टेम्पोत पहिल्यांदा वाजणारही इथूनच. व्हीसीडीचं चित्र आजच्या मानाने अगदीच धूसर असायचं, ३५२ बाय २८८ पिक्सेल. नाचणारीचा चेहरा दिसत नाही, हिरवं लुगडं दिसतं. पण कुणाची तक्रार नव्हती.

मग हा धंदा बसला कसा? आपण पटकन म्हणतो, यूट्यूब आलं. खरं तर घाव आधीच पडले होते. साध्या ऑडिओ सीडीत ७४ ते ८० मिनिटांचं गाणं मावतं, म्हणजे दहा-बारा भजनं. त्याच चकतीवर एमपीथ्री भरल्या की शंभराहून जास्त गाणी बसतात. स्टेशनबाहेरच्या विक्रेत्याने दहा मंडळांची भजनं एका चकतीत कोंबली आणि नावं उडवली. कव्हरवर उरलं 'सुपरहिट भजनं'. त्यानंतर मेमरी कार्डं आली. 'मोबाईलमध्ये गाणी भरून मिळतील' अशी पाटी आठवतेय? तिथे तर कव्हरच नव्हतं. 'ट्रॅक ०७' म्हणून गाणं यायचं. आमच्या पखवाजवाल्याचं नाव आधी छापायचं राहिलं, मग बॉलपेनने आलं आणि शेवटी कव्हरसकट गेलं.

मोठ्या कलाकारांचं फार बरं चाललं होतं असंही नाही. कंपनीने एकदा ठरावीक रक्कम द्यायची आणि रेकॉर्डिंगचे हक्क घेऊन टाकायचे, ही पद्धत सर्रास होती. त्यातून वाट काढायला शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये 'अंडरस्कोर रेकॉर्ड्स' सुरू केलं. कलाकाराने स्वतः केलेलं रेकॉर्डिंग तिथे विकायला ठेवायचं, वेबसाइटवरून सीडी विकायची आणि हक्क कलाकाराकडेच ठेवायचे. पुढे २००९ मध्ये त्यांनी पुण्यात 'बाजा गाजा' हा महोत्सवही भरवला. आपल्यातले बरेच जण तेव्हा पहिली-दुसरीत होते, त्यामुळे गेलो नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. पण एवढ्या नावाजलेल्या गायिकेलाही स्वतःचं दुकान मांडावंसं वाटलं, हे लक्षात ठेवा.

आता आपल्या पिढीकडे येऊ. समजा, लोणावळ्यात तुमचा बँड आहे. शनिवार-रविवारी पर्यटकांपुढे वाजवता, स्वतःची पाच-सहा गाणी तयार आहेत. पहिला विचार काय येतो? स्ट्रीमिंगवर टाकू. टाका की! पण २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा, की १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या ट्रॅकचे पैसेच मिळत नाहीत. हजार हा आकडा फोनवर किरकोळ दिसतो. लोणावळ्यात हजार माणसं गोळा करून बघा. याउलट, गाणं आवडलेल्या चाळीस जणांनी कार्यक्रम संपल्यावर एकेक डिस्क घेतली, तर ते पैसे त्याच रात्री तुमच्या खिशात. बँडकॅम्पसारख्या साइटवरही डिस्क विकता येते. तिथे वस्तूच्या विक्रीवर १० टक्के आणि डिजिटलवर १५ टक्के साइटचे, पेमेंटचा खर्च वेगळा.

थोड्या प्रती हव्या असतील तर कोऱ्या सीडी-आर घेऊन बर्न करा, घरीही होतं. शेकड्यांनी हव्या असतील तर कारखान्यात साचा बनवून छापून घेतात, तेव्हा एका प्रतीचा खर्च उतरतो. माझं मत विचाराल, तर पहिल्यांदा पन्नासच काढा. पलंगाखालची खोकी फार वाईट दिसतात.

कव्हर मात्र हलक्यात घेऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ प्रमाणे रेकॉर्डिंग करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क कुणाचा त्याचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष छापावंच लागतं. वादकांची नावं छापा असं या कलमात नाही. ती तुमची तुम्ही लक्षात ठेवायची. (आमच्या मंडळाला विचारा.) स्ट्रीमिंगवरही क्रेडिट्स देता येतात, पण ती बघायला तीन ठिपके दाबावे लागतात. तुम्ही शेवटचे कधी दाबले होते?

दुसरी मेख कव्हर साँग्जची. दुसऱ्याचं गाणं नव्याने रेकॉर्ड करून विकायला कलम ३१क आहे. मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं झालेली हवीत, आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची. आणि ती वर्षाला किमान ५०,००० प्रतींची! एखाद्या भाषेसाठी किंवा बोलीसाठी हा आकडा कमी ठरवता येतो, पण पन्नास प्रती काढणाऱ्याने सरळ मूळ हक्कदाराशी बोलावं किंवा स्वतःचं गाणं लिहावं. भजनी मंडळांनाही हे लागू आहे. शब्द तुकोबांचे, त्यांवर कुणाचा हक्क नाही. पण त्यांना सिनेमाची चाल लावलीत, तर चाल संगीतकाराची, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत. आमच्या सीडीत अशी दोन भजनं आहेत. कुठली, ते सांगणार नाही.

तुम्ही म्हणाल, डिस्क वाजवायची कशावर? बरोबर आहे. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, नव्या गाड्यांत खाच नाही. पण तुमच्या ग्रुपमधल्या के-पॉपवाल्या मैत्रिणीला विचारा. तिच्या कपाटातले अल्बम कितीदा वाजलेत? ती फोटोकार्ड जपते, बुकलेट जपते. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइल रेकॉर्ड्सच्या प्रती सीडींपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदा. ऐकायला फोन आहेच. हातात धरायला, कपाटात ठेवायला, दुसऱ्याला द्यायला माणसं काहीतरी वस्तू मागतात. डिस्कसोबत डाउनलोडचा क्यूआर कोड दिलात, तर वाजवायचा प्रश्नही मिटला.

हा लेख लिहिताना ती घरातली सीडी मला ऐकायचीच होती. शेवटी शेजारच्यांच्या जुन्या मारुतीत प्लेअर सापडला. काका पुढे बसला, मी मागे. चकती आत गेली, दोनदा अडखळली, मग टाळ सुरू झाले. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर त्याने हाताने गप्प केलं.

"थांब, आवाज वाढव," म्हणाला. "आता त्याचा तुकडा आहे."